फुगीर बाजू बाहेर

माझं तोंड फाटकं आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. घर म्हणजे आता उरलंय कोण, मी आणि माझा थोरला भाऊ. दादाचं चष्म्यांचं दुकान होतं, बेचाळीस वर्षं. लोक त्याला काचवाले म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी मी त्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "दादा, तुझ्या चष्म्यांनी लोकांची डोकी दुखतायत. आधी स्वतःचे डोळे तपासून घे." खोटं नव्हतं ते. पण चारचौघांत बोलायचं नव्हतं, ही अक्कल मला घरी परतताना आली. महिन्याभरात दादाने दुकान बंद केलं, आणि माझ्याशी बोलणंही.

वहिनी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. राहायला दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. त्याच्या खालच्या मजल्यावरचा शिंपी मला बाजारात भेटायचा. एकदा म्हणाला, "तुमचे दादा दिवसभर रेडिओ लावून बसतात. बातम्या सांगणारा नमस्कार म्हणाला की हेही नमस्कार म्हणतात." शिंपी हसला. मलाही हसू आलं, आणि घरी येऊन मी भांडी आपटत घासली. जाऊन भेटावं एवढं काही अवघड नव्हतं, चालत वीस मिनिटं. पण माफी मागायची म्हटलं की माझ्या जिवावर येतं. तो माझ्याहून हट्टी. अशी दोन वर्षं गेली. वाया गेली म्हणते मी.

मग एका रविवारी सकाळी फोन आला. कशी आहेस नाही, काही नाही.

"येतेस का? एक डोळा हवाय."

गेले. खोलीत रॉकेलचा वास. खिडकीपाशी तीन पायांच्या तिकाटण्यावर माणसाच्या उंचीची पितळी दुर्बीण. शाळेची होती ती. कोठीघरात मोडक्या बाकांखाली तीस वर्षं पडलेली. मुख्याध्यापिकेला वाटलं, काचेचं काम म्हणजे काचवाले, म्हणून त्याच्याकडे पाठवून दिली. दादा पाच महिने तिच्यामागे लागला होता. नळीत कबुतराची पिसं, घरटं, काय काय निघालं. स्पष्ट दिसण्यासाठी जे चाक फिरवतात ते असं गच्च बसलेलं की तेल सोडून आठ दिवस वाट पाहावी लागली. पुढच्या मोठ्या भिंगावर बुरशीची जाळी. ती त्याने स्पिरिटच्या कापसाने काढली, न दाबता, कापसाच्या नुसत्या वजनाने. हे सगळं तो एका दमात सांगत होता. मी खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून बसायला जागा केली. वर्तमानपत्रांच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या.

"वाचत नाहीस?"

"उजवा डोळा गेलाय," तो म्हणाला. जसं काही दूध संपलंय म्हणावं. "मधोमध डाग आहे. तू म्हणालीस तेव्हाच सुरू झालं होतं. आता डावा शाबूत आहे का, तेवढं कळायचंय."

मी घाबरले, आणि घाबरले की मी ओरडते. "मग डॉक्टरकडे जायचं सोडून हे पितळ कसलं घासत बसलायस?"

"डॉक्टर तक्ता वाचायला लावतो. बेचाळीस वर्षं मी तो तक्ता लोकांना दाखवलाय. खालची ओळ झोपेतसुद्धा म्हणेन. आणि तो डॉक्टर चष्मे माझ्याकडूनच करून घ्यायचा, त्याच्यासमोर मी चुकून दाखवू?"

मी हात टेकले.

मग त्याने समजावलं. चष्म्याच्या नंबरामुळे जे धूसर दिसतं, ते चाक फिरवलं की निघून जातं. त्यानंतरही जे धूसर राहील, त्याचा दोष एक तर काचेत, नाही तर डोळ्याच्या आत. आठवडाभर तो डाव्या डोळ्याने बघत होता आणि धूसर दिसत होतं. दोष कुठला, हे एकट्या माणसाला कळायला मार्ग नाही. दुसरं कुणीतरी बघायला हवं.

"शिंपी होता की खाली."

"शिंपी मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल," दादा म्हणाला. "तू नाही सांगणार."

ही स्तुती की टोमणा, मी विचारलं नाही. डोळा लावला. समोरच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिच्यावर दुर्बीण रोखलेली. टाकी उलटी दिसत होती. दुर्बिणीत उलटंच दिसतं, म्हणाला, ते सोड, चाक फिरव. मी इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. टाकीच्या कडा साय आल्यासारख्या.

"धूसर आहे. कितीही फिरवलं तरी धूसर."

"नक्की? माझ्यासाठी म्हणत नाहीस ना?"

"मी कधी कुणासाठी काही म्हणालेय?"

दादा हसला. सहा वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. दोष काचेत होता. त्याने चहा टाकला, कपाट धुंडाळून बिस्किटं काढली, ती मऊ पडली होती, मी खाल्ली. टेबलावर पांढरं फडकं पसरून त्याने दुर्बिणीचं तोंड उघडलं. पुढचं भिंग म्हणजे एकाला एक लागून बसवलेली दोन भिंगं. बाहेरचं त्याने हातात घेतलं, दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला, बाहेरून आवळायच्या पितळी कड्याची जुनी खूण आतल्या बाजूला लागली, आणि तो तसाच थांबला.

"गाढव आहे मी," म्हणाला.

चष्म्यात फुगीर बाजू बाहेर, हा नियम. हजारो चष्मे केलेला हात, त्याने विचार न करता इथेही जास्त फुगीर बाजू बाहेर केली. या दुर्बिणीत ती आत हवी, दुसऱ्या भिंगाकडे. भिंग पुसायला काढताना कडेवर पेन्सिलीने खूण करायची असते. नवशिक्याने केली असती. याला कशाला लागते खूण, बेचाळीस वर्षांचा कारागीर. मी त्याला यथेच्छ चिडवलं. तोही चिडवून घेत होता. दोन वर्षांचं एका तासात भरून निघतंय असं मला वाटलं, खरंच वाटलं. भिंग उलटं करून त्याने बोटांच्या अंदाजाने बसवलं, कडं आवळलं. माझ्याआधी तो स्वतः बघायला बसला. बराच वेळ चाक फिरवत होता. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"मला काय दिसलं ते सांगत नाही. तू बघ."

मी डोळा लावला. थोडं चाक फिरवलं, आणि टाकी समोर आली. इतकी समोर की मी दचकले. वर चढायचा लोखंडी जिना, एकेक पायरी सुटी, गंजाचा डाग न् डाग सुटा, कठड्याला कुणीतरी बांधलेली दोरी. धूसर कुठे काही नाही.

त्याला एवढं दिसलं असतं तर त्याने ते लपवलं नसतं. डोळा काढला नाही मी. काढला असता तर त्याच्याकडे बघावं लागलं असतं. अजून जरा धूसर आहे रे, एवढंच म्हणायचा अवकाश होता. तो आनंदाने पुन्हा भिंग खोलत बसला असता, आणि मी दर रविवारी आले असते. जन्मात पहिल्यांदा खोटं माझ्या जिभेवर येऊन बसलं. पण त्याने मला बोलावलं होतं ते खरं ऐकायला, दुसरं कुणी सांगणार नव्हतं म्हणून.

"स्पष्ट आहे, दादा. जिन्याच्या पायऱ्या मोजता येतात."

"मोज."

मी मोजल्या, मोठ्याने. सव्वीस भरल्या. "तुझ्या किती भरल्या?"

तो तिकाटण्याचा स्क्रू आवळत होता. आवळलेलाच होता तो.

"मला जिनाच नाही दिसला," दादा म्हणाला. "म्हणजे दुर्बीण दुरुस्त झाली. मुख्याध्यापिकेला कळवायला हवं, घेऊन जा म्हणून. तिचा नंबर त्या चिठ्ठीवर आहे, फोन तूच लाव. मला वाचता येत नाही. पाठ फक्त तुझाच आहे."