चौथा ठोका चुकवणारं इंजिन

दत्ताभावोजी गेले त्या सकाळी मी शाळेच्या कार्यालयात दाखले लिहीत बसलो होतो. त्यांच्या मुलाचा, मंदारचा जयगडहून फोन आला. "मामा, बाबा गेले. मी निघालोय, तुम्ही आईपाशी पोचा…" एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. मी हातातला दाखला पुरा केला, शिक्का मारला, समोर उभ्या असलेल्या मुलीला दिला, आणि मग कुठे आपण काय ऐकलं ते मला उमगलं. रिक्षा भाट्याच्या पुलावर आली तेव्हा खाली आषाढातली खाडी लालभडक, गढूळ वाहत होती. तिच्याकडे बघताना मनात पहिला विचार आला तो असा, की आता हसनभाई होडी घेऊन येतील तेव्हा ऐकायला कोण असणार? माणूस गेल्याच्या दिवशी असलेच विचार आधी येतात, त्याला इलाज नाही. हसनभाई कोण आणि त्यांची होडी कसली, हे सांगायला मात्र जरा मागे जावं लागेल.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, माईचे यजमान. खाडीकाठी घर, अंगणापासून हाकेच्या अंतरावर होडी बांधायची जागा, आणि त्या होडीच्या पोटात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. मासेमारी हा त्यांचा धंदा होता आणि ते इंजिन हा त्यांचा जीव. दसऱ्याला आमच्याकडे सगळेच हत्यारांना झेंडू वाहतात, पण भावोजी इंजिनाला आधी आंघोळ घालायचे, मग स्वतः करायचे. माई म्हणायची, लग्नात माझ्याकडेसुद्धा एवढं निरखून बघितलं नव्हतं यांनी. ती हे चेष्टेत म्हणायची खरं, पण त्या इंजिनावर तिचाही सगळा दिवस बांधलेला असे. माईनं उभ्या आयुष्यात घड्याळ बघून भात लावला नाही. होडी खाडीच्या तोंडातून आत शिरली की टुकटुक आवाज स्वयंपाकघरात पोचायचा. आधण उकळतच असायचं. ती तांदूळ वैरायची. भावोजी होडी बांधून, जाळं उतरवून, विहिरीवर पाय धुऊन पानावर बसेपर्यंत भात बरोबर शिजलेला असे. खाडीत अशा पंधरा-वीस होड्या होत्या, पण तिनं दुसऱ्याच्या इंजिनावर तांदूळ वैरले असं एकदाही घडलं नाही.

त्या आवाजाला एक खोड होती. ती जन्मजात नव्हती. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी खाडीच्या तोंडावरच्या वाळूत होडी आडवी झाली. माणसं पोहून बाहेर आली, होडी दोन भरत्या पाण्याखाली राहिली. भावोजींनी गाववाल्यांना घेऊन ती ओढून काढली आणि इंजिन अंगणात आणून नटबोल्टपर्यंत मोकळं केलं. माईच्या जुन्या लुगड्यावर सगळे भाग ओळीनं मांडलेले मला अजून दिसतात. एकेक भाग आधी विहिरीच्या गोड्या पाण्यात, मग डिझेलमध्ये, मग तेलात. चार दिवस त्या माणसाला जेवणाचं भान नव्हतं. पाचव्या दिवशी इंजिन चालू झालं, पण तीन ठोके सरळ पडायचे आणि चौथ्याला ते अडखळायचं… गुडघे दुखणारा माणूस पायरीवर क्षणभर थांबतो तसं. मिस्त्री म्हणाला, चालेल हो, पण आवाज काही पूर्वीसारखा यायचा नाही. माईला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट ओळखायला सोपं झालं, म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी भावोजींच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी समुद्र बंद केला. मंदार जयगडच्या बंदरात नोकरीला, त्याला होडी नको होती. होडीचं लाकूडही संपत आलं होतं, ते गेलं. इंजिन तेवढं पडवीत फणसाच्या दोन ओंडक्यांवर येऊन बसलं. दर रविवारी भावोजी बादलीत पाण्याची नळी सोडून, हँडल मारून ते अर्धा तास चालू ठेवायचे. शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास यायचा, पण बोलणार कोण? पहिल्या रविवारी तर सकाळी दहालाच माईनं सवयीनं तांदूळ वैरले. नवरा पडवीत आणि भात तयार. दोघं साडेदहाला जेवायला बसली, आणि पुढे दर रविवारी त्या घरात साडेदहालाच जेवण होऊ लागलं.

शेवटी इंजिन विकायचं ठरलं, तेही भावोजींनीच ठरवलं. बसून बसून सडेल, म्हणाले. पण अट एकच, ते दर्यात जायला हवं. गुहागरकडचे एक बागायतदार पोफळीच्या बागेला पाणी उपसायला ते मागत होते, चांगला माणूस होता. भावोजींनी त्यांना चहा पाजला, शहाळं दिलं, इंजिन दिलं नाही. भंगारवाला आला त्याला तर पायरीही चढू दिली नाही. आणि होडीवाले म्हणून जे कोणी आले त्यांना आल्या आल्या, इंजिन दाखवायच्याही आधी, ते बुडाल्याची कथा ऐकावी लागे. इतक्या तपशिलात, की ऐकणाऱ्यालाच नाकातोंडात खारं पाणी गेल्यासारखं व्हावं. खाऱ्या पाण्यात राहिलेलं इंजिन म्हटल्यावर लोक घाईघाईनं चपला घालायचे.

मला हे बघवेना. मी कारकून माणूस, मसुदे लिहिण्यात हात बसलेला. मी त्यांना न विचारता मोबाइलवर जाहिरात टाकली. 'एकाच मालकाने वापरलेले, उत्तम स्थितीतील, गोड्या पाण्याने स्वच्छ धुतलेले इंजिन.' यातला एकही शब्द खोटा नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि मनातल्या मनात पाठही थोपटून घेतली. चार दिवसांनी जयगडच्या बाजूचं एक गिऱ्हाईक ती जाहिरात वाचतच अंगणात आलं आणि त्यानं भावोजींना विचारलं, गोड्या पाण्यानं का बरं धुतलं? भावोजींनी त्याला सगळं सांगून वाटेला लावलं आणि मला बोलावून घेतलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाळू, हे तू लिवलंस? अरे, मी काय लाकडाची मोळी इकतंय? हे मदीच दर्यात बंद पडलं, तं तो मानूस कोणाला हाक मारील? तुला?"

त्यानंतर तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही ताठ्यानं गेलो नाही. त्यांच्याच भल्याचं केलं ना, मग मी का नमतं घ्यावं, असं वाटत होतं. आज त्या तीन आठवड्यांचा हिशेब मला फार जड जातो. माणसाकडे वर्षभरही उरलेलं नाही हे कळलं असतं, तर मी दुसऱ्याच दिवशी पुलापलीकडे गेलो असतो.

अबोला मोडला तो त्यांनीच. एका रविवारी निरोप आला, कागद-पेन घेऊन ये. मी गेलो. त्यांनी इंजिनाकडे बघत मला सांगितलं आणि मी लिहिलं, आयुष्यातला सगळ्यात खरा मसुदा. 'इंजिन अकरा वर्षांपूर्वी बुडालेलं आहे. दोन भरत्या पाण्यात होतं. चौथा ठोका चुकतो. दर्यात चालवणार असेल त्यानंच यावं.' मी म्हटलं, भावोजी, हे वाचून कुत्रंसुद्धा यायचं नाही. ते म्हणाले, टाक तू.

आले ते फक्त हसनभाई. नाटे गावचे, साठीचे, दाढी पांढरी झालेले. त्यांनी स्वतः हँडल मारलं, इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. भावोजी शेजारी उभे, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे. मग इंजिन बंद करून हसनभाईंनी विचारलं, बुडाल्यावर किती वर्षं चालवलंत? अकरा, भावोजी म्हणाले, म्हणजे त्यातली नऊ दर्यात.

"आनि दर्यात बंद पडलं, दुसऱ्यानं ओढून आनलं, असं किती येळा?"

"एकदा पन नाय."

"मग दत्ताभाव, मला आनखी काय पायजे?"

चैत्रात टेम्पो आला. माईनं इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. भावोजींनी हँडल हसनभाईंच्या हातात दिलं. हसनभाई म्हणाले, पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत मी हे होडीत बसवतो, नारळी पुनवेनंतर दर्या खुला झाला की पहिली फेरी तुमच्या खाडीत. तुम्ही अंगणात बसून ऐका. टेम्पो निघाला तेव्हा भावोजी मागे वळून विहिरीवर हात धुवायला गेले आणि कितीतरी वेळ हात धूतच राहिले.

त्यानंतर मी गेलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. नारळी पुनव कधी हाय रे? ज्या माणसानं जन्मभर भरती-ओहोटी आणि तिथी कॅलेंडर न बघता सांगितल्या, तो मला विचारत होता. मी दर वेळी नव्यानं दिवस मोजून सांगायचो. सत्तावीस दिवस उरले असताना ते झोपेतच गेले.

हसनभाईंना कळवायला हवं होतं. नंबर माझ्याकडे होता. दोनदा फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. बारावं-तेरावं झालं, पुनव झाली. चौथ्या दिवशी दुपारी मी पडवीत त्या दोन ओंडक्यांशेजारी बसून वारसाचे कागद भरत होतो. ओंडक्यांखाली तेलाचा काळा डाग तसाच होता. आणि खाडीच्या तोंडाकडून आवाज आला. एक, दोन, तीन… आणि ती अडखळ.

माझं पेन थांबलं. आतून डब्याचं झाकण काढल्याचा आवाज आला, मग तांदूळ धुतल्याचा. मी घाबरून आत गेलो. मला वाटलं, माईला भ्रम झाला. ती आधणाजवळ ओंजळ धरून उभी होती.

"मला ठाव हाय रे बाळू, ते नायत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पन हात थांबना."

आणि तिनं तांदूळ वैरले.

हसनभाई पायवाटेनं वर आले ते हसतच. अंगणातूनच त्यांनी विचारलं, दत्ताभाव, ऐकलात काय? मी उभा राहिलो. तेवढ्यात माई दारात आली. तिच्या कपाळाकडे बघून त्यांना सगळं कळलं. ते एका ओंडक्यावर बसले आणि टोपी काढून पुन्हा घातली. मला रडू आवरलं नाही. मी न केलेल्या फोनबद्दल त्यांची माफी मागितली, तर त्यांनी नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "मिस्त्री बोलला, चाचा, दोन दिसांत आवाज सरळ करून देतो. मी बोललो, आता नको. आदी त्यांना आयकवतो, मग बगू."

माईनं पान वाढलं. भात, आमटी आणि आमसुलाचं सार. ते नको म्हणाले नाहीत. विहिरीवर जाऊन पाय धुऊन आले आणि पानावर बसले. भात बरोबर शिजला होता.

हसनभाईंनी आवाज अजून सरळ करून घेतलेला नाही. रत्नागिरीच्या बंदरात मासळी उतरवायला आले की जमेल तेव्हा ते आमच्या खाडीत एक वळसा घालतात. परवा मी माईला विचारलं, ते आले नाहीत, नुसते वळून गेले, तर तू वैरलेल्या भाताचं काय करतेस? जेवते, म्हणाली. मी तांदळाच्या डब्यातली मापाची वाटी बघितली आणि विचारलं, अजून दोघांचाच लावतेस?

"आवाज तोच हाय ना," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.