अंगणात उतरवलेलं इंजिन

ती लाल, दोनच माणसांची गाडी आमच्या धारगळच्या अंगणात आली तेव्हा मला ती मुळीच आवडली नाही. धड बसायला जागा नाही, छप्पर कापडाचं, आणि इंजिन असावं पुढे तर ते सीटच्या पाठीमागे. फिरंग्यांच्या काळात बोटीतून आलेली. डिचोलीच्या एका खाणमालकाच्या वडिलांनी हौसेने घेतली होती, ती हौस आता मुलगा चालवत होता. चालवत होता म्हणजे ढकलत होता म्हणा, कारण इंजिनातून ठोके येत होते आणि गाडी खनिजाच्या ट्रकला दोरीने बांधून ओढत आणली होती.

गोवा राज्य होणार हे नक्की झालं होतं, त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. मालकाला ह्याच गाडीतून मिरवणुकीत जायचं होतं. शिवाय तो आपल्या ट्रकांसाठी डिचोलीत नवं गॅरेज घालत होता आणि त्याला तिथे एक मुकादम हवा होता. आमच्या ह्यांना तो म्हणाला, "ही गाडी चालू करून दाखय, गॅरेज तुज्या हातांत दितां." हे तेव्हा खाणीवर ट्रक दुरुस्त करायचे. मुकादमाला स्वतः पाना धरावा लागत नाही. खुर्चीवर बसायचं, इंजिनचा आवाज ऐकायचा आणि दुसऱ्यांना काय खोलायचं ते सांगायचं. आवाजावरून दोष ओळखण्यात ह्यांचा हात धरणारा पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कोणी नव्हता.

आम्हाला ती खुर्ची हवीच होती, कारण ह्यांचे डोळे जात होते. पणजीच्या डॉक्टरने सांगितलं होतं, पडद्याचं दुखणं आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. हे म्हणायचे, नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि ती नळी दर महिन्याला बारीक होते. ही गोष्ट फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती. खाणीवर कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मी रोज देवासमोर बसून एकच मागत होते, ती खुर्ची मिळेपर्यंत कोणाला कळू नये. पुढचं पुढे.

म्हापशात एका गॅरेजात गाडी वर उचलायचं यंत्र होतं. ठोके काढायला आधी इंजिन खाली उतरवायला हवं होतं, आणि तिथे नेली असती तर ते काम एका दिवसाचं. पण तिथे चार मेकॅनिक बघायला उभे राहिले असते आणि हे स्क्रू चाचपडत शोधतात हे त्यांच्या ध्यानात आलं असतं. म्हणून ह्यांनी मालकाला ठोकून दिलं, "म्हज्या आंगणांतच करतां. इंजिनाक दुसऱ्याचो हात लागिल्लो माका नाका." मालकाला तो कारागिराचा ताठा वाटला. आत जनेलाशी, खिडकीच्या आडून, मी हे ऐकत होते.

दहा दिवस मी ह्यांचे डोळे झाले. शेजारी विचारायचे, बायकोला काय मेकॅनिक करणार काय? मी म्हणायचे, हो, तुमच्या घरवाल्यांपेक्षा बरी होईन. हे गाडीखाली पोत्यावर पडून बोटांनी बोल्ट शोधायचे, मी वाकून सांगायचे, अजून डावीकडे, दोन बोटं वर. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला केळीच्या दोरात अबोलीचे वळेसर गुंफता येत होते, तेवढंच. तेव्हा मी तीच विद्या लावली. प्रत्येक नळीला आणि तारेला केळीचा दोर बांधला, पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. जोडताना ह्यांनी बोटांनी गाठी मोजल्या की कुठली नळी ते कळावं. अकरा दोर झाले. अकराही तोंडं सोडवली. मी दोनदा बघितलं आणि सांगितलं, "आतां कांय उरूंक ना."

शेजाऱ्यांनी सुचवलं, आंब्याच्या फांदीला चेनपुली लावा आणि इंजिन वर ओढा. पण ते वरून निघतच नव्हतं, वरची जागा अरुंद. इंजिन खाली बेअरिंगची चाकं लावलेल्या फळीवर टेकवायचं आणि गाडीच त्याच्यावरून उचलून काढायची, एवढा एकच मार्ग. जॅक वीतभर उचलायचा. त्याखाली आम्ही चिरे रचले, तर तिसऱ्या थरातला एक चिरा फुटला आणि गाडी धाडकन बसली. नशीब, हे तेव्हा पाणी प्यायला उठले होते. मी पदर तोंडात कोंबून आत जाऊन रडले. मालकाचा निरोप आला होता, उद्या बघायला येतो.

मग मला होळी आठवली. आमच्याकडे शिगम्याला आंब्याचा अख्खा सोट रानातून खांद्यावरून आणतात आणि देवळासमोर उभा करतात. त्याला ना क्रेन लागते ना यंत्र. लांब बांबू जोडीजोडीने शेंड्याला बांधून त्यांच्या कैच्या करतात. माणसं एका दमात सोट हातभर उचलतात, खाली कैची लावतात, दम घेतात, पुन्हा उचलतात. एकदा खांद्यावर घेतलेली होळी जागेवर पोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, हा नियम. गाडीचं ढुंगण तेवढं उचलायला ही माणसं पुरे होती.

होळीचा मान असलेले एक म्हातारे होते, त्यांच्याकडे मी गेले. ते आधी भडकलेच. "देवाचे बांबू फिरंग्याच्या गाडयेक लायतलें?" मी त्यांच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, "गाडी न्हय, आमचें पोट उखलूंक येयात." त्यांनी पान थुंकलं आणि बांबू काढायला सांगितले. अडचण दुसरीही होती. राजभाषा मराठी की कोकणी यावरून त्या वर्षी आमच्या वाड्यावर अबोला होता. अर्धे एका बाजूचे, अर्धे दुसऱ्या बाजूचे, आणि शिव्या मात्र सगळे एकाच भाषेत द्यायचे. पण ह्यांनी दोन्हीकडच्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करून दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा जण आले, एकमेकांकडे न बघता.

मालकही आला, बरोबर ड्रायव्हर. इंजिन खालच्या फळीवर टेकलं होतं, हे त्याच्याशेजारी पोत्यावर बसले, एक तळवा इंजिनावर ठेवून. बघणाऱ्याला वाटावं, केवढा निवांत माणूस. तळव्याला जे कळेल आणि कानाला जे ऐकू येईल, त्यावरच त्यांची सगळी भिस्त होती, हे मला ठाऊक.

आणि तिथेच आमची चूक झाली. दहा दिवस आम्ही सगळ्याचा विचार केला, पण होळी उचलणारी माणसं गप्प राहून उचलत नाहीत, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. जन्म ह्याच गावात गेला, दर वर्षी ती आरोळी ऐकली, तरीही. म्हाताऱ्यांनी हात वर केला आणि चौदा गळ्यांतून एकदम निघालं, "ओस्सय! ओस्सय!" गाडी हातभर वर आली. कैची लागली. पुन्हा "ओस्सय!" अबोला धरलेले लोक एकमेकांच्या कानात ओरडत होते, त्यांना मजा येऊ लागली होती. ह्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्या गलक्यात ह्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणजे त्यांच्यापुरता अंधारच झाला होता.

तिसऱ्या उचलीला इंजिन फळीवर कलू लागलं. काहीतरी त्याला धरून वर ओढत होतं. ह्यांच्या तळव्याला ते कळलं. त्यांनी थांबा म्हणून एक हात वर केला, तर माणसांना वाटलं, अजून वर म्हणतात. दुसरा हात ह्यांनी इंजिन आणि सांगाडा यांच्या फटीत घातला आणि काय अडकलंय ते शोधू लागले, भलत्याच बाजूला. मी वाकून बघितलं आणि मला ती दिसली. क्लचची केबल. सांगाड्याला काळ्या पट्टीने चिकटवलेली, काळ्यावर काळी, आता तारेसारखी ताणलेली. तिला दोर बांधायचा राहिला होता. डोळे माझे धड होते आणि मलाच ती दिसली नव्हती. अजून एक "ओस्सय" झालं असतं तर केबल तुटून इंजिन ह्यांच्या मनगटावर आडवं झालं असतं.

"थांबा, थांबा" म्हणून मी किंचाळले. कोणी ऐकेना. म्हाताऱ्यांचा हात पुन्हा वर जाऊ लागला. मग मी माझ्या आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले.

"ओगी रावात! तांकां दिसना! तांकां दोळे नात!"

सगळे ओगी, एकदम गप्प झाले. गाडी खांद्यावर तशीच होती. खांद्यावरचं खाली टेकवायचं नाही ही त्यांची सवय, त्या सवयीनेच ह्यांचा हात वाचला. कोणी हललं नाही. हमरस्त्यावरून एक ट्रक गेला, तो पार दूर जाईपर्यंत ऐकू आला. मी ह्यांच्या कानाशी बसले आणि हळू म्हटलं, "उजवेकडेन. चार बोटां वयर." ह्यांची बोटं सरकली, केबलला लागली, तिच्या नटापर्यंत पोचली.

तेवढ्यात मालक ड्रायव्हरला म्हणाला, अगदी हलक्या आवाजात, "कुड्ड्याच्या हातांत दिली हांवें गाडी?" कुड्डो म्हणजे आंधळा.

ह्यांची बोटं नटावर थांबली. मग त्यांनी पाना मागितला, मी दिला, आणि त्यांनी तो नट एकेक आटा करत शांतपणे सोडवला. केबल खाली पडली, इंजिन फळीवर सरळ बसलं. "उखलात," हे म्हणाले. माणसांनी गाडी उचलली, बाजूला नेली आणि ठेवली. ओस्सय कोणी म्हटलं नाही. चौदा माणसांचे फक्त श्वास ऐकू येत होते.

उतरवण्याचं काम फत्ते झालं होतं. यंत्राशिवाय, अंगणात, इंजिन बाहेर. म्हाताऱ्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बांबू घेऊन सगळे गेले, जाताना एकमेकांशी बोलत. मालकाने चहा घेतला नाही. फाटकापाशी मला बोलावून म्हणाला, "फाल्यां ट्रक धाडटां. गाडी आनी इंजिन, दोनूय व्हरतां." उद्याच दोन्ही नेणार, आणि गॅरेजचं नावही काढलं नाही. मी विचारलंही नाही. मला त्याचा राग आला नाही, स्वतःचाच आला. हात वाचवायला मी तोंड उघडलं आणि हातांचं कामच घालवलं.

मागच्या दारी हे हात धुवायला बसले. मी कळशी घेऊन पाणी ओतू लागले.

"मालक गेलो?"

"गेलो."

"कितें म्हळें गो ताणें?"

"कांय ना. खूश जालो."

ह्यांनी साबण घेतला, एकेक बोट चोळलं, नखांतलं ग्रीस काढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुवेंच सगळ्यांक ओगी केलें न्ही गो. ओगी जाल्यार माका सगळें आयकूंक येता."

हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ह्यांनी ते मागे घेतले नाहीत आणि मी पाणी ओतत राहिले.