उधळ्या पुत्राची लेक झाली

शांतवन मास्तरांच्या जिभेवर साखर होती, यात वाद नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दहा वर्षं ते येशूची सुवार्ता सांगत हिंडत होते, आणि माणसं बघून गोष्ट काढायचे. धनगरांत गेले की हरवलेलं मेंढरू. विणकरांत गेले की येशूचा बिनशिवणीचा अंगरखा. विणकर माना डोलवायचे, वर विचारायचे, कुठल्या मागावर विणला हो? "देश तसा वेश, आणि तशीच गोष्ट," मास्तर म्हणायचे नि स्वतःवरच खूश व्हायचे. सगळीकडे जायचे, केम गाव तेवढं सोडून.

कुंभारी गावाला मात्र पंचाईत झाली. समोर साऱ्या बायका, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या. मास्तरांनी उधळ्या पुत्राची गोष्ट काढली, पण पोरगा बापाकडून आपला वाटा घेऊन पळाला म्हटल्यावर एकीचीही मान वर होईना. पोरं पळतात, त्यात काय नवल! मग मास्तरांनी तिथल्या तिथं पोराची पोरगी केली.

"एका बापाला एकच लेक होती बघा. बापाचं न ऐकता निघून गेली."

वळणारे हात थांबले. मास्तरांना चेव चढला. मूळ गोष्टीत परतलेल्या पोराला बाप देतो त्या अंगठीच्या बांगड्या झाल्या, झग्याची साडी झाली, मेजवानीची पुरणपोळी. बाप अनवाणीच धावत गेला आणि त्यानं लेकीला पोटाशी धरलं, हे त्यांनी दोन-दोनदा सांगितलं. का, ते मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं केमच्या बिरुदेव नावाच्या धनगर मुलाशी लग्न केलं होतं. लेकीचं नाव सुवार्ता. "मला लेक नाही," म्हणून मास्तरांनी दार लावलं, ते लावलंच.

आठ दिवसांनी भर दुपारी मास्तरांच्या सोलापुरातल्या घरासमोर मायाक्का उभी. कुंभारीत अगदी पुढं बसलेली ती बाई. बरोबर एक तरणी पोरगी, आणि हातात खण-नारळ.

"ही माझी सोनाली," मायाक्का म्हणाली. "सा वर्सं हिचं तोंड बघितलं न्हवतं. पळून गेली तवा मीच म्हणलं हुतं, मेलीस तू मला. तुमचं ऐकलं आन् दुसऱ्याच दिशी टेंभुर्णीला जाऊन घिऊन आले की! म्हणलं, मास्तरासारखा माणूस लेकीसाठी अनवाणी पळतो, तर माझा कसला आलाय तोरा?"

"मी... पळालो?"

"व्हय की! एकुलती एक, बापाचं ऐकलं न्हाय, निघून गेली. तुमच्या लेकीचं समद्या सोलापुराला ठावं हाय, आमाला न्हाय व्हय? लाजंनं नाव घेतलं न्हाय तुमी, पर समद्या बाया वळखून हुत्या." ती आत डोकावली. "कुटं हाय सुवार्ता? वटी भरायला आलेय तिची."

 अरे देवा! दहा वर्षांत कुणी माना डोलवल्या, कुणी चहा पाजला. पण ऐकून उठली, एसटीत बसली आणि तसंच करून आली, अशी ही पहिलीच बाई. गोष्ट खरीच होती, बाप तेवढा खोटा होता.

आत भांडं पडलं. मास्तरांची बायको मार्थाबाई दाराशी येऊन उभी राहिली. चार वर्षांत या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

"ती इथं नाही," मास्तर कसेबसे बोलले. "ती गोष्ट माझी नव्हती, मायाक्का. मी नाही आणलं तिला."

"आगं बया!" मायाक्काचा हात तोंडावर गेला. तिनं मास्तरांकडं पाहिलं, सोनालीकडं पाहिलं, पुन्हा मास्तरांकडं पाहिलं. आता ही तोंडावर थुंकणार, असं मास्तरांना वाटलं. 

तिनं खण-नारळ त्यांच्याच हातात कोंबले.

"मंग तुमीच न्या की. केमला रेल्वे थांबती," ती म्हणाली. "आन् चपला ऱ्हाऊ द्या हितंच. अनवाणी म्हणला हुता तुमी."