मावशीच्या खोलीतली चटई

डिसेंबरातला पहिला रविवार, दुपारी चार वाजता, शरणपूर रोडवरच्या प्रमिला मावशीच्या फ्लॅटमध्ये तिच्या स्मरणार्थ प्रार्थना. हजर: मावशीचे यजमान यशवंत काका, आमच्या चर्चचे पाळक आणि त्यांच्या पत्नी, मावशीच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका, शेजारच्या पगार काकू, माझे पती सुनील, मी, आणि एस्तेर नावाची मलावीहून आलेली एक बाई, जिला आमच्यापैकी कोणी बोलावलं नव्हतं. खुर्च्या पुरेशा मागवल्या होत्या, तरी एस्तेर मावशीच्या खोलीत जाऊन पलंगाशेजारी जमिनीवर बसली होती. मावशीची कबर नाशकात नव्हती. ती आफ्रिकेतल्या एका डोंगराळ गावात होती, आणि माझे सगळे प्रश्न तिथूनच सुरू होत होते.

मावशी गेल्याचा फोन त्याआधी महिनाभर, सकाळी दूध तापवताना आला. काका म्हणाले, "सरिता, तुझी मावशी पहाटे झोपेतच गेली... उद्या इथेच दफन करतोय." मी विचारलं, "इथेच? हे कोणी ठरवलं?" "तिनंच," काका म्हणाले आणि फोन कटला. मला हे पटलं नाही. दोन वर्षांसाठी म्हणून गेलेली, फ्लॅटची किल्ली, गॅसचं पुस्तक आणि माळ्यावरची नाताळची चांदणी माझ्यावर सोपवून गेलेली बाई परक्या गावात कायमची राहायचं ठरवते, आणि रोज रात्री आपल्या आईचा फोटो पुसून झोपणाऱ्या या बाईचा तो विचार तिच्या भाचीला कळतही नाही? यात काहीतरी लपवलं जातंय, असं मी त्याच दिवशी सुनीलला सांगितलं. तो म्हणाला, "तुला रद्दीवाल्याच्या काट्यातही काहीतरी लपवलेलं दिसतं." ते खरं आहे, पण रद्दीवाल्याचा काटा खोटाच निघाला होता.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. मूलबाळ नव्हतं. पहिली नोकरी सुरगाण्याकडच्या शाळेत, मग नाशकात, आणि शेवटी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. मी तिला निवांत बसलेली कधी पाहिली नाही. चहासुद्धा ओट्याला टेकून उभ्यानं प्यायची आणि पिता पिता दुसऱ्या हातानं कोथिंबीर निवडायची. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, त्यांचा स्वभाव अगदी उलटा. पेपर उघडला की जेवणाची हाक येईपर्यंत हलायचे नाहीत. निवृत्तीनंतर घरात करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मावशी कासावीस व्हायची. अशातच एका रविवारी एका परदेशी सेवासंस्थेचे गृहस्थ आमच्या चर्चमध्ये आले. त्यांनी पडद्यावर मलावीतल्या शाळेचे फोटो दाखवले आणि निवृत्त जोडप्यांनी दोन वर्षं द्यावीत, असं आवाहन केलं. मावशीनं तिथेच हात वर केला. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि आपलाही केला.

मी त्या गृहस्थांना चहाच्या वेळी गाठलं. आजारी पडले तर काय, मधेच परत यायचं असेल तर काय, आणि तरुण माणसं सोडून म्हातारीच का हवीत? त्यांनी हसत हसत सगळ्यांची उत्तरं दिली आणि त्या हसण्यामुळेच माझा संशय वाढला. मावशी म्हणाली, "झाली का गं फौजदारीणबाई चौकशी? मग बॅग भरायला ये." बॅगेत खडूंच्या पेट्या, शिवणाचे नमुने, पाढ्यांचे तक्ते, काळा मसाला आणि करंजीची कातण भरली. शिकवायला चालली होती ती. हे मी मुद्दाम सांगते आहे.

कारण तिसऱ्या महिन्यापासून रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मला शाळा दिसलीच नाही. मावशीच्या मागे नेहमी एक मातीच्या रंगाची भिंत आणि तिला टेकून बसलेल्या बायका. "काय केलंस आठवडाभर?" "बसले." "म्हणजे?" "अगं, बसले म्हणजे बसले." पुढच्या रविवारी तेच. एकदा मी म्हटलं, "फोन फिरव, खोली दाखव." तिनं फिरवला नाही. "बायका रडतायत इथे, बरं दिसत नाही," म्हणाली आणि ठेवून दिला. रडतायत? का? मी काकांना वेगळा फोन लावला, तर मागून म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि काका म्हणाले, "डाव रंगात आलाय, नंतर बोलू." आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेला माणूस. मावशीची तब्येत बिघडली आहे, तिला कामाला लावलं आहे, किंवा तिच्या हातचं काम काढून घेतलं आहे, अशा तीन शक्यता मी काढल्या. तिसरी खरी निघाली, पण वेगळ्याच रीतीनं.

ते मला काका परत आल्यावर कळलं. त्यांना आणायला आम्ही मुंबईच्या विमानतळावर गाडी घेऊन गेलो. काकांच्या मागोमाग, त्यांची बॅग ढकलत, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली पन्नाशीची एस्तेर बाहेर आली. त्यांना एकट्याला प्रवास झेपणार नाही म्हणून तिथल्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, सोबत पाठवलं, असं काका म्हणाले. मला मात्र दिसलं ते एवढंच, की परतीचं तिकीट दोघांचं एकाच दिवसाचं होतं. म्हणजे ही बाई त्यांना सोडायला आलेली नाही, परत न्यायला आली आहे. घाटात गाडी चालवणारा सुनील सोडून सगळे झोपले. नाशकात शिरताना द्वारका चौकाच्या कोंडीत गाडी अडकली तेव्हा मी इंग्रजीतून विचारलं, "तिकडे काका एकटे काय करणार?" एस्तेर खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "ते एकटे नसतील. लोक बसायला येतील." पुन्हा बसायला.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या करताना काकांना ओट्याशी बसवून विचारलं. ते सांगत गेले... शाळेला मावशीची गरजच नव्हती. तिथे तरुण, चांगल्या शिक्षिका होत्या. संस्थेला ते माहीत नव्हतं, किंवा असून सांगितलं नाही. माहीत नव्हतं, यावर मी अजून विश्वास ठेवायला तयार नाही. मावशीला सगळीकडे पहिल्या रांगेत खुर्ची मिळायची. पाण्याची बादली उचलली की कोणीतरी पोरगी हातातून काढून घ्यायची. चर्चचं कपाट तिनं एकदा लावलं, तर बायकांनी हसतमुखानं सगळं पुन्हा होतं तसं ठेवलं. "दोन महिने रोज रडायची," काका म्हणाले. "मी म्हटलं, चल परत. तर म्हणाली, सरिता काय म्हणेल?" मी तव्यावरची पोळी उलटली. "मग शेजारी एक पोर गेलं. तिथे कुणी गेलं की बायका त्या घरात जाऊन जमिनीवर बसतात. काही करत नाहीत, फार बोलत नाहीत, बसतात फक्त. दिवस न् दिवस. हिला खुर्ची दिली. ही खुर्ची सोडून खाली बसली... त्यानंतर तिला कुणी खुर्ची दिली नाही. गावात कुठेही कुणी गेलं की हिला बोलवायला यायचे. तेच काम झालं तिचं."

"आणि दफनाचं?" मी विचारलं. काका म्हणाले, "ते तुझी आई गेली तेव्हाचं होतं तिच्या मनात." आई गेली तेव्हा सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. खुर्च्या, पाणी, चहा, गाडी, चार वाजता घर रिकामं, सहाला झाडलोट. मावशी जाताना माझा हात धरून म्हणाली होती, "सगळं अगदी वेळेवर झालं गं." इतकी वर्षं ती मला शाबासकी वाटत होती. आता त्या वाक्याचाही मला संशय येतो.

एस्तेर पंधरवडाभर राहिली. सकाळी उठून स्वतःची चटई मावशीच्या पलंगाजवळ अंथरायची आणि बसायची. पगार काकू सटाण्याकडच्या, दारातून डोकावून म्हणायच्या, "लय वेळची बसेल हाय ती बाई. चा तरी घेती का?" आणि चहा घेऊन यायच्या त्या तासाभरानं बाहेर पडायच्या. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मी मात्र कपाट रिकामं करत होते, साड्या वाटायच्या होत्या, शाळेतल्या बाई यायच्या होत्या. प्रार्थनेच्या दिवशी सगळे निघाल्यावर मी खुर्च्या रचत असताना खोलीतून मराठीत आवाज आला, "बस गं." मला वाटलं, काकांनी मावशीचा जुना व्हिडिओ लावला. मी तावातावानं आत गेले. एस्तेर शेजारची जागा थोपटत होती. "प्रमिला म्हणायची," ती इंग्रजीतून म्हणाली. "नव्या बाया यायच्या, कुठे बसावं कळायचं नाही, तेव्हा. आता आम्ही सगळ्याच म्हणतो." हेल थेट मावशीचा होता, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलीला बसवतानाचा.

मी बसले. किती वेळ, ते पाहिलं नाही.

एस्तेर ठरल्या दिवशी गेली, चटई इथेच ठेवून. काकांचं तिकीट मी नाताळापर्यंत पुढे ढकलायला लावलं. नाताळ झाला, चांदणी लागली, करंज्या झाल्या. कातण तिकडेच राहिल्यामुळे कडा हातानं मुरडल्या. आता काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या चटईवर बसतात. पेपर उघडत नाहीत. मी किल्लीनं दार उघडून आले की विचारतात, "माझा पासपोर्ट दिसला का गं कुठे?" मी म्हणते, "बघते." ते पुन्हा विचारत नाहीत, नुसते सरकून चटईवर जागा करतात. तिकडच्या त्या मंडळीवर, त्या संस्थेवर आणि त्या हसऱ्या गृहस्थांवर माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही, बसेल असंही वाटत नाही. काकांचं वय झालंय, दवाखाना लांब आहे, ही माझी कारणं मी अजून मोजून दाखवू शकते. पण इथे त्यांच्याजवळ कोण बसतं, हे विचारलं तर मला घड्याळाकडे बघावं लागतं.

साड्या वाटून झाल्या. मृत्यूचा दाखला आला. गॅस, वीज, सोसायटी, सगळीकडे नाव बदललं. फ्रिजवरच्या कागदावर एकच काम खोडायचं राहिलं आहे: काकांचा पासपोर्ट माझ्या कपाटातून काढून त्यांच्या हातात देणं.