चाकोरीतलं पाणी

रमण मूळचा दाभोळचा, राहायचा मस्कतच्या रुवीत. हिवाळाभर त्याचं काम म्हणजे छोट्या विमानातून सफरीला येणाऱ्या पाहुण्यांच्या आधी जीपने किनाऱ्यावर पोचणं आणि तंबू ठोकून चूल पेटवणं. दुकम बंदराच्या खालचा तो ओसाड किनारा बघायला माणसं लांबून येत आणि इथल्या शांततेचं तोंड भरून कौतुक करत. करोत बापडी. ज्याचं जळतं त्याला कळतं. रमणचा थोरला भाऊ लहू त्याच किनाऱ्याच्या वाळूत होता.

लहू मासेमारीच्या लाँचवर कामाला होता. २०१२च्या एका वादळात ती बुडाली. पुढे एका एकाकी पुळणीवर कोळ्यांना प्रेत सापडलं. त्यांनी ते पुरून वर दगड रचले. डाव्या हाताची करंगळी अर्धी होती, असं ते म्हणाले, तेव्हा रमण काय ते समजला. गावी मैनावहिनी मात्र मानेना. भटजींनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायला सांगितलं, तर म्हणाली, "गवताला मी नवरा म्हणू? भावोजी, तुम्ही डोळ्यांनी बघून सांगा. मग मानीन." आणि पोरांना सांगत राहिली की बाबा मस्कतला आहेत.

पण बघायचं कसं? पुळणीच्या एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला जीप गिळणारी खारी दलदल, आणि कोळ्यांनी तर तिथली वस्तीच मोडलेली, म्हणजे होडीही नाही. उतरलं तर विमानच. कौशिकसाहेब, पुण्याचे पायलट, दोन वर्षं ऐकत होते. या मोसमाची शेवटची फेरी रिकामी परत चालली होती, तेव्हा ते म्हणाले, "बस. ओहोटी आहे, बघू."

रमणने नारळ आणि हळदकुंकू बरोबर घेतलं.

एरवी वाळू पारखायचं काम त्याचंच. पुळणीवर जीप फिरवायची आणि खाली उतरून चाकोरी बघायची. कोरडी राहिली तर विमान उतरतं, पाणी झिरपलं तर नाही. इथे जीप नव्हती, म्हणून साहेबांनी चाकं वाळूला नुसती टेकवली आणि विमान परत उचलून वळसा घेतला.

वरून दोन रेघा दिसल्या. बघता बघता त्या पाण्याने भरल्या.

"तू म्हणशील तसं, रमण."

हातातोंडाशी आलेला घास होता. पण तो खोटं बोलला असता तर दोघंही तिथेच राहिले असते.

"नको साहेब. खलास."

साहेबांनी आणखी दोन घिरट्या घातल्या. रमणने डोळे फाडफाडून बघितलं. दगड कुठेच नव्हते. समुद्राने सगळी पुळण धुऊन सपाट केली होती.

संध्याकाळी तळावरून त्याने गावी फोन लावला.

"दिसलं का, भावोजी?"

नाही म्हणावं, तर ती जन्मभर वाट बघत बसणार.

"दिसलं, वहिनी. दगड नीट रचलेत."

"हात लावलात?"

"लावला."

मग ती म्हणाली, "पोरांना आजच सांगते. तुम्हीपण रडून घ्या आता. दोन वर्षं मी तुम्हालाही रडू दिलं नाही."

रमण तिथेच वाळूत बसला आणि रडला.