सुभेदारांच्या घरचा सर्व्हर

"आळीत सगळ्यांच्या घरी इंटरनेट येतं, माझ्या घरातनं जातं." हे वाक्य सुभेदार नाथाजींचं. आळीतल्या प्रत्येकाने ते चहाबरोबर एकदा तरी गिळलेलं आहे. मी शेजारी, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच आलं.

नाथाजी लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त होऊन कोयनानगरजवळ आमच्या आळीत राहायला आले. उभी नोकरी दुसऱ्यांचे निरोप पोचवण्यात गेली, आता आपला निरोप जगाला द्यायचा, असं त्यांच्या डोक्यात बसलं. म्हणजे स्वतःची वेबसाइट. आमचा मुलगा मुकुल सांगलीला कॉम्प्युटरचंच काम करतो. तो म्हणाला, "काका, एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवा. कटकट नाही."

सुभेदार खवळले. "आपली म्हस दुसऱ्याच्या गोठ्यात बांधायची व्हय? सर्व्हर माझ्या घरात ऱ्हाणार!"

मग मिरजेहून एक जुना कॉम्प्युटर आला. तो कुठल्याशा दवाखान्यातला असावा, कारण त्याच्या कपाळावर 'शांतता राखा' अशी चिठ्ठी होती आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडत होता. फळीवर राउटर बसला, खाली इन्व्हर्टर. इन्व्हर्टर हवाच. इथली वीज घाट उतरून कुठे कुठे जाते, पण आमच्या आळीत तारेवर कावळा बसला तरी दिवे जातात. घरगुती इंटरनेटचा पत्ता म्हणे सारखा बदलतो, म्हणून कंपनीशी भांडून कायमचा पत्ता मिळवला. बाहेरच्यांना आत येण्यासाठी राउटरमध्ये एक दार उघडायचं असतं, तर सुभेदारांनी सगळीच उघडली. मुकुलने सांगलीहून फोनवर ओरडून ओरडून ती बंद करून घेतली. सुभेदारांची बायको राहीबाई या सगळ्या संसाराला 'डबडं' म्हणायच्या आणि त्यावर धुतलेली फडकी वाळत घालायच्या.

एवढा खटाटोप करून जगाला दाखवायचं काय? रोज सकाळी अंगणाचा एक फोटो आणि त्याखाली पलटणीतल्या सवयीने हजेरी. "माणसं दोन, हजर. म्हैस एक, हजर. घर उभं. सब ठीक." घर उभं असल्याचं लिहायचं कारण एवढंच, की आमच्याकडे जमीन अधूनमधून अंग झाडते.

"अहो, पण हे बघणार कोण?" मी विचारलं.

"जग बघतंय, मधुकरराव! ह्यो बघा आकडा. परदेशातनं लोक येत्यात."

मुकुलने तपासून सांगितलं, की ते परदेशी लोक नव्हेत, चोरांचे प्रोग्राम आहेत, कुलूप हलवून बघतात. सुभेदारांची छाती आणखी फुगली. "चोर येत्यात म्हंजे घरात कायतरी हाय न्हवं?" अशा माणसापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता.

पण एकदा कट्ट्यावर बसलेले असताना ते निराळंच बोलले. त्यांचा मुलगा कृष्णात फौजेत, लांब सरहद्दीवर. वेबसाइटचा पत्ता पहिल्यांदा त्यालाच दिला होता. तो "बघतो, आबा" म्हणाला, आणि त्यानंतरच्या फोनवर फक्त म्हशीची चौकशी. "जगाचं जाऊ द्या," सुभेदार म्हणाले, "आपलं पोरगं सुदिक बघत न्हाई." मला त्यांचं वाईट वाटलं. त्यांनी लगेच परदेशी लोकांचा आकडा सांगायला घेतला आणि माझा कळवळा ओसरला.

मग खंडेनवमी आली. सुभेदारांनी कोयता, कुऱ्हाड, खोरं धुऊन पाटावर मांडलं. शेजारी सर्व्हर आणि राउटर. त्यांच्यापुढे नवरा-बायकोचे दोन्ही मोबाईल. "ही बी हत्यारंच," ते म्हणाले. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि सगळं बंद. पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम.

"अहो, वेबसाइट बंद पडेल," मी म्हणालो.

"जगाला बी सुट्टी!"

दुपारी जेवताना एक धक्का बसला. फळीवरची भांडी वाजली. मी भात कालवत होतो, तो कालवतच राहिलो. आमच्याकडे एवढ्याशा धक्क्याला कुणी पाटावरून उठत नाही. टीव्हीवर मात्र लाल अक्षरांत कोयना हादरली होती, आणि पडलेलं घर भलत्याच कुठल्या तरी गावचं दाखवत होते.

दिवेलागणीला पोलिसांची जीप आळीत शिरली. तानाजी नावाचा हवालदार उतरला. "नाथाजी सुभेदारांचं घर ह्येच का?"

"व्हय."

"उभं हाय न्हवं?" असं म्हणत त्याने घराला चक्कर मारली, भिंतीला हात लावून पाहिला आणि फोनवर सांगितलं, "साहेब, उभं हाय. माणसं दोन, हाईत."

"म्हस बी सांगा," सुभेदार सवयीने म्हणाले.

कृष्णातने त्याच्या साहेबांना, साहेबांनी पोलिसांना असं करत ती जीप घाट चढून आली होती. हवालदाराने स्वतःच्या फोनवरून कृष्णातला जोडून दिलं. फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"आबा, टीव्हीवर कोयना दाखवत्यात, तुमचं दोनी फोन बंद, आन वेबसाइटचं पान उघडंना! पहारा सुटला की मी रोज पैलं त्येच बघतो. 'घर उभं' वाचलं की मग च्या घेतो. आज लय भ्यालो, आबा."

"मग कवा बोलला न्हाईस?"

"तुमी तरी कवा इचारलंसा?"

सुभेदारांनी फोन हवालदाराच्या हातात दिला आणि उपरण्याने डोळे पुसले. हवालदार जीपच्या टायरकडे बघत राहिला.

राहीबाई पाटाशी गेल्या आणि सर्व्हरवरची फुलं त्यांनीच उचलली. "आवं, सुरू करा आदी. देवीला मी सांगते."

बटण दाबल्याबरोबर पंख्याने आत साचलेलं कुंकू सुभेदारांच्या पांढऱ्या शर्टावर उडवलं. त्यांनी ते झटकलंसुद्धा नाही. बसून हजेरी लिहिली.

आता परदेशी लोकांचा आकडा ते कुणाला सांगत नाहीत. आळीला तेवढीच शांतता. सकाळी मी दूध आणायला जातो तेव्हा राहीबाई गोठ्यात धार काढायला बसलेल्या असतात, आणि तिथूनच त्यांची हाक ऐकू येते, "आवं, आपलं घर उभं हाय म्हून लिवलं का? पोरगं बिनच्याचं थांबलं आसंल."