गुलमोहराची फांदी

मे महिन्यातला वळीव तासभर कोसळला आणि आमच्या गल्लीचा ओढा झाला. दरवेळी करतो तेच आम्ही केलं. शेजारच्या काकांनी आणि मी पहारीनं रस्त्यातल्या गटाराचं झाकण उचललं, म्हणजे पाणी लवकर ओसरतं. त्या भोकात गुलमोहराची मोडलेली फांदी खोचली, म्हणजे कुणी आत पडत नाही. मग निवांतपणे गॅलरीत चहा घेत उभे राहिलो.

समोरून एक बाई साडी वर धरून पाण्यातून आल्या आणि फांदीपाशी थांबल्या. वाऱ्यानं गल्लीभर फांद्या पडल्या होत्या. त्यांना ही त्यातलीच वाटली असणार. "कुणीतरी अडखळेल हो," असं म्हणत त्यांनी ती उपसली, ओढत भिंतीपाशी नेऊन ठेवली आणि परत वळल्या.

"हलू नका!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तिथं गटार उघडं आहे!"

त्या जागीच थिजल्या. गढूळ पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं. एवढं मोठं शहर, आणि पाऊस आला की आम्ही स्वतःच्या हातानं रस्त्यात विहीर उघडतो आणि एका फुललेल्या फांदीच्या भरवशावर चहा पितो! तीही कुणीतरी भल्या मनानं काढून टाकतं.

"कुठंय ते?" बाईंनी घाबरून वर पाहत विचारलं.

काकांनी आणि मी एकदमच हात लांब करून दाखवलं. आमची बोटं दोन वेगळ्या जागांकडे होती.